खाणारी तोंडं किती?

१९८१-८२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या मुंबईच्या साप्ताहिकात पुण्याच्या दोन विद्वानांची चांगलीच जुंपली होती. मुद्दा वरवर पाहता साधा होता : भारतात अर्धपोटी राहणारी माणसं किती? एका बाजूला अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि दुसऱ्या बाजूला संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे. दोघंही नावाजलेले आणि दोघंही हट्टी. आणखी एक गोष्ट दोघांत सारखी होती, पण तिची आठवण फारसं कोणी काढत नाही. दोघंही सातारा जिल्ह्यातले. सुखात्मे १९११ साली खटाव तालुक्यातल्या बुध गावी जन्मले, दांडेकर १९२० साली सातारा शहरात. देशाच्या भुकेचं माप काय असावं, यावर चाललेला तो वाद एका अर्थी सातारकरांचा घरचाच मामला होता.

त्याची सुरुवात दहा वर्षं आधी झाली. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचं 'पॉव्हर्टी इन इंडिया' १९७१ साली आलं. माणशी रोजचे २,२५० उष्मांक हा त्यांचा आधार. एवढे उष्मांक पोटात जातील इतका खर्च कोणाला परवडतो, हे त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९६०-६१ च्या आकड्यांतून काढलं. खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली सुमारे ५० टक्के माणसं त्या रेषेखाली निघाली. 'दारिद्र्यरेषा' हा शब्द आज चावडीवरही ऐकू येतो, रेशनकार्डाच्या रंगावरून भांडणं होतात, त्यामागे जे थोडके अभ्यास आहेत त्यांत हा अगदी वरचा.

सुखात्म्यांना हे मान्य नव्हतं. जागतिक अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाची धुरा वीसेक वर्षं वाहून ते रोमहून परतले होते. त्यांचं म्हणणं असं : २,२५० ही सरासरी आहे. तोच माणूस, तेच काम करताना, एका आठवड्यात जास्त खातो, दुसऱ्या आठवड्यात कमी खातो आणि तरी धडधाकट राहतो. शरीर एका मर्यादेत जुळवून घेतं. तेव्हा सरासरीखालच्या प्रत्येकाला उपाशी ठरवणं चूक. खरी सीमारेषा बरीच खाली आहे आणि ती लावली, की उपाशी माणसांची संख्या एकदम उतरते. त्यांचा आणखी एक आग्रह होता. गढूळ पाणी पिऊन हगवण लागली तर खाल्लेलं अंगी लागणार कसं? आधी पाणी आणि स्वच्छता बघा, असं ते सांगत राहिले.

दांडेकरांचा प्रतिवादही सोपा नव्हता. गरीब माणूस आज कमी आणि उद्या जास्त असं खात नाही. तो रोजच कमी खातो, कारण त्याच्याकडे पैसे नाहीत. त्याला योगायोगाचा चढउतार म्हणायचं कसं?

पाण्याबद्दल सुखात्मे बरोबर होते, हे पुढच्या कितीतरी अभ्यासांनी मान्य केलं. पण 'शरीर जुळवून घेतं' या वाक्याचा सरकारी कचेरीत काय उपयोग होऊ शकतो, हे दांडेकरांनी जास्त नीट ओळखलं होतं. एक मात्र दोघांच्याही हिशेबात राहून गेलं. मोजणी घराची होत होती. घरात शेवटी जेवायला कोण बसतं आणि तिच्या ताटात काय उरतं, हे कुटुंबाच्या सरासरीत दिसत नाही.

सातारा-सांगलीकडच्या मोजणीचा शंभरेक वर्षांचा इतिहास याच अंगाने वाचायला हवा.

या मोजणीचं भांडवलही साताऱ्यातूनच आलं. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली सुरू झाली ती भारत सेवक समाजाच्या पुढाकाराने आणि साताऱ्याचे वकील रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून. संस्थेत दरवर्षी होणारं काळे स्मृती व्याख्यान त्यांच्याच नावाचं. त्या व्यासपीठावरून २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर संघराज्याच्या प्रश्नावर बोलले. त्यांचंही साताऱ्याशी नातं होतं. १९०० साली सातारच्या सरकारी शाळेत त्यांचं नाव दाखल झालं होतं. या व्याख्यानाच्या अडीच महिने आधी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, त्यांच्या पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला होता. ठराव फेटाळला गेला. लोकसंख्या, आरोग्य आणि कुटुंबाचं पोट हे तीन विषय एकाच दमात बोलणं मराठी मुलखात कोणाला नवीन नव्हतं. त्या बोलण्याला आकड्यांचा आधार तेवढा हवा होता.

तो देण्याचं काम संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी अंगावर घेतलं. संस्थेच्या सुरुवातीच्या कामांत वाई तालुक्यातल्या शेतीधंद्याची पाहणी आहे. १९४० साली ती पुस्तकरूपाने आली. शेतकऱ्याला खर्च किती, उत्पन्न किती, बैलजोडी परवडते का, घरची मजुरी हिशेबात धरायची की नाही. आज हे प्रश्न कृषी विद्यापीठातला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही विचारेल. तेव्हा मात्र शेतकऱ्याच्या दारात जाऊन ते विचारणारे मोजकेच होते. त्याआधी साताऱ्याबद्दलची मोठी माहिती होती ती १८८५ च्या सरकारी गॅझेटियरमध्ये. तिचा रोख सारा, पीक आणि जातींवर. घरात काय शिजतं हा त्या साहेबांचा विषय नव्हता.

मग आलं सुगाव.

सातारा जिल्ह्यातल्या या गावाची माहिती १९४२ च्या सुमारास पहिल्यांदा पद्धतशीर गोळा झाली. वर्ष लक्षात घेण्यासारखं आहे. जिल्ह्यात तेव्हा मोर्चे निघत होते, आणि लवकरच नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहणार होतं. अशा दिवसांत हातात तक्ते घेऊन 'घरात माणसं किती, जमीन किती' विचारत फिरणाऱ्याकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील, याची कल्पनाच केलेली बरी. पुढे त्याच गावाकडे संशोधक पुन्हा पुन्हा वळले. एकाच गावाची चाळीस वर्षांची माहिती हाती असणं ही समाजशास्त्रात फार दुर्मीळ गोष्ट. ती वापरून हेमलता दांडेकर यांनी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातर्फे १९८६ साली पुस्तक काढलं. त्याच्या नावाचा मराठी अर्थ होतो, 'पुरुष मुंबईला, बायका घरी'. काळ १९४२ ते १९८२.

१९८२ हे वर्षही अर्थपूर्ण आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, आणि घाटावरच्या गावांना पोसणारी एक वाट बंद होत गेली. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या घराघरांतून एक तरी माणूस गिरणीत, गोदीत किंवा बाजारात हमालीला असायचा. माथाडी कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. मुंबईत गावाची एक खोली असायची. तिथे पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि महिन्याला मनीऑर्डर पाठवायची. गावात मागे राहायच्या बायका, म्हातारी आणि पोरं. नांगरट भाड्याने, बाकी सगळं बाईने करायचं : खुरपणी, कापणी, गुरं, पाणी, सासू-सासरे. सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. घरचा कर्ता कोण, असं विचारलं की नाव यायचं ते लालबागच्या खोलीत राहणाऱ्याचं.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात स्थलांतर म्हणजे मजुराचा प्रवास. हेमलता दांडेकरांनी उलटीकडून पाहिलं : जी गेली नाही, तिचं काय झालं? मनीऑर्डरीमुळे घर पक्कं झालं, मुलगा शिकला, विहीर झाली, आणि बाईचं काम वाढलं. ते कुठल्या रकान्यात लिहायचं, याचं उत्तर पाहणी करणाऱ्या कुणाकडेच तयार नव्हतं.

या गैरहजर पुरुषांचा जनगणनेवर एक गमतीदार परिणाम झाला. सातारा जिल्ह्यात १९९१ पर्यंत हजार पुरुषांमागे हजाराहून अधिक बायका होत्या. त्या वर्षी १,०२९. वाचणाऱ्याला वाटावं, काय हा स्त्रियांचा जिल्हा! खरं तर पुरुष मुंबईत मोजले जात होते. २००१ मध्ये हा आकडा ९९५ वर आला, २०११ मध्ये ९८८ वर. गिरण्या बंद पडल्यावर माणसं परतली, हे कारण थोडंफार खरं. पण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा तक्ता वेगळा काढला, तेव्हा दुसरंच दिसलं. पाच वर्षांची पोरं काही गोदीत हमालीला जात नाहीत. २००१ मध्ये साताऱ्यात हजार मुलग्यांमागे ८७८ मुली होत्या, सांगलीत ८५१, आणि शेजारच्या कोल्हापुरात ८३९. संपूर्ण राज्याचा आकडा ९१३ होता. ऊस, दूध, साखर कारखाने, शाळा-महाविद्यालयं, दवाखाने यांत पुढे असलेला हा पट्टा मुलींच्या बाबतीत राज्याच्या तळाशी होता. एकूण गुणोत्तराने इतकी वर्षं डोळ्यांत धूळ फेकली होती.

याआधी, १९५० च्या दशकात, बाईला थेट प्रश्न विचारण्याचा एक मोठा प्रयत्न याच भागात झाला होता. १ ऑगस्ट १९४९ रोजी संस्थानांचा मुलूख मिळून मोठ्या झालेल्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळालं आणि उत्तर साताऱ्याच्या मागचं 'उत्तर' गळून गेलं. ते जुनं नाव एका संशोधन अहवालाच्या मुखपृष्ठावर कायमचं राहिलं आहे. नी. वि. सोवनी आणि कुमुदिनी दांडेकर यांनी नाशिक, कुलाबा आणि उत्तर सातारा या तीन जिल्ह्यांत केलेली जननमानाची पाहणी १९५५ साली प्रसिद्ध झाली. त्याआधी १९५३ मध्ये पुणे जिल्ह्याचा असाच अभ्यास आला होता.

अशा पाहणीत प्रश्न बाईच्या उभ्या आयुष्याचे असतात. लग्न कितव्या वर्षी, मुलं किती झाली, त्यांतली वाचली किती. कागदावर सरळ दिसणारा पहिला प्रश्न प्रत्यक्षात सगळ्यांत अवघड. वय किती, हे सांगणार कोण? मग आठवणींचा आधार घ्यायचा. प्लेगात गाव माळावर गेलं तेव्हा तू केवढी होतीस? मानमोडीच्या साथीत, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएंझात, थोरला जन्मला होता का? अशी गाठ घालत घालत वयाचा रकाना भरायचा. गावकामगार पाटलाकडे जन्ममृत्यूची वही असे खरी, पण जगून आठवडा न झालेलं तान्हं तिच्यात दरवेळी चढेच असं नव्हतं. ते मूल नोंदलं जायचं ते आईने सांगितलं तरच.

कुमुदिनी दांडेकरांनी हे काम सोडलं नाही. सहा ग्रामीण समूहांची पाहणी त्यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली, तर १९६३ मध्ये महाराष्ट्रातल्या पुरुष नसबंदी शिबिरांवर लंडनच्या 'पॉप्युलेशन स्टडीज'मध्ये लेख लिहिला. शस्त्रक्रियेच्या टेबलावर तेव्हा पुरुष होता, हे आज विसरलं जातं. आणीबाणीत सक्ती झाली, १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच संमत केलं; ते राष्ट्रपतींच्या संमतीअभावी कायदा झालं नाही. त्यानंतर पुरुषाने जो पाय मागे घेतला तो घेतलाच. कुटुंबनियोजनाचा भार तेव्हापासून जवळजवळ पूर्णपणे बायकांच्या पोटावर आहे.

इरावती कर्व्यांची वाट वेगळी होती. जयंत रणदिवे यांच्याबरोबर त्यांनी फलटणचा, वाढत्या शहराचा आणि भोवतालच्या गावांचा अभ्यास केला. तो १९६५ मध्ये आला. १९६९ मध्ये त्यांचं आणि जाई निंबकरांचं कोयना धरणाने उठवलेल्या माणसांवरचं पुस्तक निघालं. जाई निंबकर या त्यांच्या कन्या, आणि फलटणच्या रहिवासी. कोयनेच्या विजेने मुंबई-पुण्याचे कारखाने चालले. ज्यांची घरं धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेली त्यांना पर्यायी जमीन कुठे मिळाली, भावकी कशी विखुरली, देव कुठे नेले, हे पाहायला जाणारे अभ्यासक थोडे. देशात धरणग्रस्त हा अभ्यासाचा विषय होण्याच्या कितीतरी आधीचं हे काम आहे. त्या पुस्तकातले प्रश्न कोयना धरणग्रस्त आजही धरणं धरून विचारत असतात.

सांगलीचा हिशेब थोडा निराळा आहे. इथे अभ्यासापेक्षा प्रयोग आधी आला. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. 'जो काम मागेल त्याला काम' ही त्यांची कल्पना आधी तासगाव भागात करून पाहिली गेली. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर खडी फोडायची वेळ आली तेव्हा रोजगार हमी योजना हाताशी होती. २६ जानेवारी १९७९ पासून तिचा कायदा अमलात आला. देशाने तसा कायदा केला २००५ मध्ये. या योजनेच्या कामांवर नेमकं कोण येतं, हे पाहायला पुन्हा कुमुदिनी दांडेकर गेल्या. मंजू साठे यांच्यासह त्यांचा लेख १९८० मध्ये, आणि बायकांच्या रोजगाराच्या अंगाने लिहिलेलं पुस्तक १९८३ मध्ये आलं. हमीच्या कामावर बायका मोठ्या संख्येने होत्या. ज्यांना शिरगणतीत 'घरकाम' म्हणून सोडून दिलं जायचं, त्या पाटी-फावडं घेऊन हजेरीपटावर उभ्या होत्या, कारण तिथे मजुरी त्यांच्या स्वतःच्या नावाने निघत होती.

याच सुमाराला बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची पीएच.डी. घेतलेली एक समाजशास्त्रज्ञ वाळवा तालुक्यातल्या कासेगावात येऊन राहिली. गेल ऑम्व्हेट आल्या होत्या महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला. भारत पाटणकरांशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या, आणि २०२१ मध्ये कासेगावातच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या आणि सासूबाई इंदुताई पाटणकरांच्या भोवती उभ्या राहिलेल्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांचा प्रश्न हातात घेतला. टाकलेली बाई कागदोपत्री नवऱ्याच्या घरात असते, प्रत्यक्षात भावाच्या ओसरीवर. रेशनकार्ड दोन्हीकडे दुसऱ्याच्या नावावर. स्वतंत्र रेशनकार्डाची मागणी वरवर किरकोळ दिसते. पण कुटुंब म्हणजे काय आणि त्यात एक माणूस चालतो का, हा लोकसंख्याशास्त्राचा मूळ प्रश्न त्या मागणीत आहे.

सांगलीच्या गोकुळनगर या वेश्यावस्तीतही तेच घडलं, जरा पुढे जाऊन. एड्सच्या काळात बाहेरून येणारा प्रत्येक जण वेश्या व्यवसायातल्या बायकांचं रक्त तपासायला येत होता. मीना शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून निरोधवाटपाचं काम या बायकांच्याच हाती दिलं. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची 'व्हॅम्प' संघटना झाली. २०११ मध्ये पुणे विद्यापीठातल्या रोहिणी साहनी आणि व्ही. कल्याण शंकर यांनी चौदा राज्यांतल्या सुमारे ३,००० बायकांची देशव्यापी पाहणी केली, ती सांगलीच्या या कामाशी जोडलेल्या जाळ्यातून. तिच्यात रोगाला दुय्यम जागा होती. आधी कुठली कामं केलीत, मजुरी किती मिळायची, ती का सोडलीत, असे प्रश्न होते. कितीतरी जणींनी शेतमजुरी, घरकाम, बांधकाम करून पाहिलं होतं. बायका धंद्यात फक्त फसवून आणल्या जातात, ही सोपी समजूत त्या आकड्यांपुढे टिकत नाही.

साताऱ्यात सरकारी डोकं मात्र वेगळ्याच वाटेने चाललं. २००७ मध्ये जिल्हा परिषदेने 'हनिमून पॅकेज' काढलं : पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर ५,००० रुपये, तीन वर्षं लांबवलं तर ७,५००. देशभर वर्तमानपत्रांना ते फार आवडलं. कल्पना वाईट नव्हती. पण ज्या घरात सासू विचारते 'कधी?', त्या घरात पाच हजारांचं वजन किती पडणार? २०११ च्या ऑक्टोबरात याच जिल्ह्यात 'नकुशा' नावाच्या २८५ मुलींना नवी नावं देण्याचा समारंभ झाला. फोटो छान आले. २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले. नकुशीचं नाव बदलता येतं, कारण ती निदान जन्माला तरी आलेली असते.

या सगळ्या पाहण्यांबद्दल एक तक्रार मात्र केलीच पाहिजे. वि. म. दांडेकर आणि म. भा. जगताप यांचं 'महाराष्ट्राची ग्रामीण समाजरचना' १९५७ मध्ये मराठीत आलं, तसे अपवाद थोडे. बाकी बहुतेक अहवाल इंग्रजीत लिहिले गेले आणि पुण्यात, मुंबईत, मिशिगनमध्ये वाचले गेले. ज्यांनी ओसरीवर घोंगडी टाकून, चहा पाजून उत्तरं दिली, त्यांच्या हाती त्यांचाच आकडा परत आला नाही. निदान वाई, फलटण, पाटण, तासगाव इथल्या नगर वाचनालयांनी आपापल्या मुलखावरचे हे जुने ग्रंथ मागवून ठेवायला काय हरकत आहे?

२०११ नंतर देशात जनगणना झालेली नाही. आता होणाऱ्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारात येईल, 'घरातल्या बाई काय करतात?' असं विचारील, आणि सवयीने उत्तर जाईल : काही नाही, घरीच असते. घरच्या शेतात विनामजुरी राबणं हेसुद्धा जनगणनेच्या व्याख्येत काम आहे, मग ते वर्षातले थोडे महिने का असेना. तेव्हा उत्तर देताना तिलाच पुढे बसवा, आणि खुरपणी, भांगलण, गुरं सगळं सांगू द्या.